तुझी फाइल माझ्या टेबलावर

शहनाज, तुला जाऊन बारा दिवस झाले आणि मला अजून तुझा हेवा वाटतो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आमच्याकडेही सांगतात आणि तुमच्याकडेही. मी वाईट बोलत नाहीये. खरं बोलतेय, आणि तुझ्याशीच बोलतेय, कारण बाकी कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, ही बाई मेलेलीलाही सोडत नाही.

त्या दिवशी तुझ्या घरी आले होते. बायकांमध्ये भिंतीला टेकून बसले. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. आपल्या दवाखान्यातल्या मावश्या, लॅबवाले, अँब्युलन्सचे दोन्ही ड्रायव्हर, खुद्द फिजिशियन सर चालू ओपीडी सोडून अर्धा तास आले. शिवाय कितीतरी अनोळखी माणसं, मंठ्याकडची, अंबडकडची, कधीतरी आपल्या वॉर्डात घरचं माणूस घेऊन आलेली. माझ्या शेजारी बसलेली एक म्हातारी म्हणाली, "माझ्या मालकाला झटका आल्ता तवा हिनंच सगळी इचारपूस केल्ती माय. डाक्टरपेक्षा जास्ती." मी मान हलवली आणि मनात पहिला विचार आला तो असा, की मी गेले तर इतकी माणसं येतील का? दुसरा विचार तुझा आला. क्रम हाच होता, आता लपवून काय करू.

अकरा वर्षं आपण जालन्याच्या त्या दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये समोरासमोर बसलो. रुग्ण घरी गेला किंवा वर गेला की त्याची फाइल आपल्याकडे यायची. पहिल्या पानापासून ती वाचायची, राहिलेले रकाने भरून घ्यायचे, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला यादीतला ठरलेला कोड द्यायचा. मेंदूची रक्तवाहिनी बंद पडून झटका आला तर आय त्रेसष्ट. पण त्रेसष्टवर काम संपत नाही. गुठळी तिथेच धरली की हृदयातून वाहत आली, ते पॉइंटच्या पुढच्या आकड्यात सांगावं लागतं. आणि ज्याला यातलं काहीच धड सांगता येत नाही त्याच्यासाठी आहे पॉइंट नऊ. म्हणजे झटका आहे, बाकी माहिती नाही.

तू पॉइंट नऊला गोधडी म्हणायचीस. "घातली अंगावर न् झालं. खाली कोन झोपलंय ते बघायलाच नको." असं म्हणून माझ्याकडे बघायचीस आणि हसायचीस. मी पण हसायचे. पोटात दुखायचं ते वेगळं.

नोकरीत मी तुला आठ महिन्यांनी सीनियर. हे मी तुला वर्षातून एकदा तरी ऐकवत होते, आणि तू दर वेळी माझ्या गावाच्या नावानं "बिलकुल, वाटूरवाली" म्हणून मोकळी व्हायचीस. वाद घालायचीस तरी बरं वाटलं असतं. चहावाला पहिला कप तुझ्या टेबलावर ठेवायचा. डॉक्टर दारातून डोकावून विचारायचे, "शहनाज मॅडम आहेत?" मी समोर बसलेली असायचे, काम तेच करायचे, पण "नाहीत का? बरं, मग नंतर येतो." ईदला तुझ्या शीरखुर्म्याची पातेली सिस्टर लोक पुसून खायच्या. होळीला मी आणलेल्या पुरणपोळ्यांतल्या चार तरी डब्यात परत यायच्या, आणि घरी नवरा विचारायचा, "आज शहनाजबाईनं काय दिवे लावले?" रोजचं होतं ते. मी आल्या आल्या तुझंच सुरू करायचे. तू काय बोललीस, कुणी तुझं कौतुक केलं, कशी मिरवलीस. तू मिरवत नव्हतीस, हे मला तेव्हाही माहीत होतं. नाकाला मिरच्या झोंबलेल्या माणसाला चव विचारू नये.

तुझ्याइतकं मला कधी जमलं नाही ते विचारणं. झटक्याच्या केस पेपरवर दोन रकाने कायम रिकामे किंवा चुकीचे येतात. एक, रुग्णाला शेवटचं धडधाकट कधी बघितलं. दुसरा, रुग्ण उजवा की डावखुरा. मी वॉर्डात जाऊन सरळ विचारायचे, "झटका किती वाजता आला?" एकदा एक बाई म्हणाली सकाळी सहाला, मी लिहिलं सहा. तू त्याच बाईला विचारलंस, "सहाला तुम्ही बघितलं. त्याच्या आधी चांगले बोलले कधी?" तर ती म्हणाली, "काल म्हशीची धार काढली तवा." कुठे सकाळचे सहा आणि कुठे आदल्या दिवशीची धार! ते लिहिताना तू माझ्याकडे बघितलंही नाहीस, आणि तेच मला जास्त लागलं.

हाताचं तर विचारूच नकोस. अंबडकडचा तो गडी आठवतो ना, कापसाच्या रानात पडलेला? मी त्याच्या पोराला विचारलं, "जेवतात कोणत्या हातानं?" तो म्हणाला, उजव्या. मी उजवा लिहिलं. संध्याकाळी तू ती फाइल घेऊन परत गेलीस. "दादा, तुमचे वडील विळा कंच्या हातात धरतेत? दगड कंच्या हातानं मारतेत?" पोरगं म्हणालं, "डाव्या. नेम लई बराबर हाय त्याहिचा." तू माझ्या टेबलावर फाइल ठेवलीस. "आपल्याकडं सगळेच उजव्यानं जेवतेत गं. जेवायचं विचारून काय कळून राह्यलंय?" अकरा वर्षांत मी किती माणसांच्या नावापुढे उजवा लिहिलं असेल, याचा हिशेब मी मुद्दाम केला नाही. मला वाटलं, काय डोकं आहे हिचं. आणि हे आपल्याला का सुचलं नाही म्हणून रात्रभर तळमळले.

प्रमुखाची जागा निघाली तेव्हा ती तुला मिळाली. मी पेढे खाल्ले, अभिनंदन केलं, आणि दोन आठवडे तुझ्याशी कामापुरतंच बोलले.

मग गेल्या महिन्यातलं ते भांडण. महिनाअखेर होती, माझ्याकडे सतरा फाइली तुंबल्या होत्या. मी सगळ्यांवर पॉइंट नऊची गोधडी घातली आणि मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी बघते तर सतराच्या सतरा तुझ्या टेबलावर. तू वरिष्ठांना सांगितलं नाहीस. मला बोलली नाहीस. जेवणाच्या सुट्टीत एकेक उघडून, वॉर्डात फोन लावून, गुपचूप नीट करत होतीस. तू माझी तक्रार केली असतीस तर मी तुझ्याशी भांडले असते आणि विसरले असते. पण तू मला झाकलंस. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "चांगलं दिसायची फार हौस आहे तुला." तुझा चेहरा पडला. "बोलू आपण नंतर," इतकंच म्हणालीस. नंतर मीही विषय काढला नाही, तूही नाही. तुला काय बोलायचं होतं ते मला आता कधीच कळणार नाही, आणि याचा मला इतका राग येतो की कुणावर काढावा ते समजत नाही.

मंगळवारी सकाळी तुझ्या मालकानं तुला रिक्षातून आणलं तेव्हा मी नुकती हजेरी पंच करून आत आले होते. कॅज्युअल्टीत स्ट्रेचरवर तू होतीस. तोंड वाकडं, डोळे उघडे. डावा हात कडेवरून खाली लोंबत होता आणि सिस्टरनं तो उचलून पोटावर ठेवला. मी बघितलं आणि मनात म्हणाले, हिचा खरा हात गेला.

हे मला माहीत होतं, शहनाज. आपल्या दवाखान्यात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. तू लिहायचीस उजव्यानं, जेवायचीस उजव्यानं. पण शिक्का मारायचीस डाव्यानं. कुलपात चावी डाव्यानं फिरवायचीस. गेल्या उन्हाळ्यात रेकॉर्ड रूममध्ये माकड शिरलं तेव्हा चप्पल काढून फेकलीस ती डाव्या हातानं, आणि बरोबर त्याच्या पाठीत. प्रेमानं बघणारी माणसं तुझा चेहरा बघत होती. मी तुझे हात बघत होते, कारण कुठेतरी हिचं काहीतरी चुकेल आणि मला सापडेल, या आशेवर मी अकरा वर्षं तुझ्यावर डोळा ठेवून होते.

आयसीयूत तुला बोलता येईना. शब्दच गेले होते. सिस्टरनं उजव्या हातात पेन दिलं, समोर कागद धरला. तू पेन नीट धरलंस, आणि कागदावर नुसत्या रेघा आल्या. तू त्या रेघांकडे बघितलंस, मग माझ्याकडे. तुझं अक्षर किती सुंदर होतं. त्या अक्षरावरही मी जळायचे. त्या वेळी मला तुला म्हणायचं होतं, त्या सतरा फाइलींबद्दल माफ कर. पण आजूबाजूला माणसं होती, आणि मी म्हणाले, "काळजी करू नको, सगळं ठीक होईल." चौथ्या दिवशी तू गेलीस.

पुढच्या सोमवारी तुझ्या कपाटाच्या चाव्या माझ्या हातात दिल्या आणि प्रमुखाचं काम तात्पुरतं माझ्याकडे आलं. त्याच दिवशी आलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात तुझी फाइल होती.

मी ती पहिल्या पानापासून वाचली, तू वाचायचीस तशी. कॅज्युअल्टीच्या कागदावर लिहिलं होतं, डावी बाजू लुळी. शेवटच्या सारांशात लिहिलं होतं, उजवी बाजू लुळी. स्कॅनच्या रिपोर्टात मेंदूच्या उजव्या भागाला मार बसलेला. मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते, म्हणजे स्कॅन आणि सारांश एकमेकांना खोटं पाडत होते. झटक्याचं कारण म्हणून सारांशात "अस्पष्ट" लिहिलं होतं. आणि हाताच्या रकान्यात, तुझ्या मालकाला विचारून, उजवा.

असा कागद आला की डॉक्टरांकडून खुलासा घ्यायचा, आपल्या मनानं काही ठरवायचं नाही, हा नियम. खुलासा मिळाला नाही तर पॉइंट नऊ. मी पेन उचललं. खोटं सांगत नाही, माझ्या मनात आलं, जाऊ दे नऊवर. जिनं जन्मभर दुसऱ्यांच्या अंगावरची गोधडी ओढून काढली, तिच्याच अंगावर एक टाकू. कुणाला कळणार होतं? मी तो विचार चांगला पाच मिनिटं चघळला. गोड लागला. मग पेन खाली ठेवलं, आणि का ठेवलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक असं, की तुझ्यावर नऊ पडलं असतं तर पुढची अकरा वर्षं मला वाटत राहिलं असतं की तू असतीस तर हे पकडलं असतंस.

तू डावखुरी हे मला माहीत होतं, पण माझ्या बघण्याला कागदावर किंमत नाही. घरचं कुणीतरी सांगायला हवं होतं. तुझ्या मालकाला पुन्हा विचारलं, तर ते म्हणाले, "उजवीच होती मॅडम. उजव्यानंच तर जेवायची." मग मी सकाळच्या गाडीनं परतूरला गेले, तुझ्या अम्मीकडे. धान्याच्या मोंढ्यामागची गल्ली विचारत विचारत शोधली. अकरा वर्षांत तुझ्या माहेरच्या दारात मी पहिल्यांदा उभी होते, आणि तेही कामासाठी.

अम्मींनी चहा केला. मी विचारलं, "अम्मी, शहनाज लहानपणी दगड कोणत्या हातानं मारायची?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "डाव्या," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा बांध फुटला. "खाने कू बैठी की डावा हातच पुढं करायची. मैं उसका हात ओढनी से बांधती थी, माय. मारती भी थी. शाळेत गुरुजी छडी मारायचे. खाने का और लिखने का हात सीधा करी मैं. बाकी काम कू कुछ नै बोली." त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या. "वोच हात गया क्या उसका?"

मी हो म्हणाले.

तेव्हा मला कळलं, विळा कोणत्या हातात धरता हे तुला सुचलं कुठून. ती हुशारी नव्हती. त्या अंबडच्या गड्याला तू तुझंच लहानपण विचारत होतीस. ज्या गोष्टीवर मी रात्रभर जळले, ती तुला छडीनं मिळाली होती. मला वाटलं होतं, हे कळल्यावर तरी माझा हेवा जाईल. थोडा कमी झाला. गेला नाही.

निघताना अम्मींनी विचारलं, "नाम क्या बोली तुम?"

"वैशाली. मी आणि शहनाज एकाच खोलीत बसायचो. अकरा वर्षं."

त्यांनी आठवून बघितलं. प्रामाणिकपणे आठवून बघितलं. "नै बेटा, कभी सुनी नै. वो दवाखाने की बात घर में नैच करती थी."

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून रडले, आणि ते सगळं दुःखाचं रडणं नव्हतं. माझ्या घरात तुझं नाव रोज जेवायला बसायचं, शहनाज. भाजी कशी झाली याच्या आधी तुझं निघायचं. माझ्या नवऱ्याला तुझ्या शीरखुर्म्यात काय काय असतं ते पाठ आहे. आणि तुझ्या घरात मी नव्हतेच. वाईट म्हणून नाही, चांगली म्हणून नाही, भांडकुदळ म्हणूनसुद्धा नाही. तू दवाखाना दवाखान्यात ठेवून जायचीस. मी तुला घरी घेऊन यायचे. आपल्या दोघींत जास्त कुणाला कोण लागत होतं, याचा निकाल लागला म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी मी फिजिशियन सरांसमोर खुलाशाचा कागद ठेवला. डॉक्टरांच्या तोंडात उत्तर घालायचं नाही, हे तूच शिकवलंस, म्हणून फक्त लिहिलं, की कॅज्युअल्टीत डावी, सारांशात उजवी, स्कॅन असा, ईसीजीत हृदयाचे ठोके अनियमित, आणि आईच्या सांगण्यानुसार रुग्ण जन्मतः डावखुरी. कृपया खुलासा करावा. सरांनी दोनदा वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. बहुतेकांची वाचा मेंदूच्या डाव्या बाजूला असते, म्हणाले, पण काही डावखुऱ्यांची उजवीकडे असते. सारांश लिहिणाऱ्यानं बघितलं, बाई उजवी, वाचा गेलेली, मग लुळी बाजूही उजवीच असणार. कॅज्युअल्टीवाल्याची चूक समजून त्यानं ती शहाणपणानं सुधारली होती. सरांनी सारांश दुरुस्त केला, सही केली. ठोके अनियमित, म्हणजे गुठळी हृदयातून गेलेली. त्रेसष्ट पॉइंट चार.

कागद परत देताना ते म्हणाले, "हे काम फक्त शहनाजच करू शकली असती."

मी म्हणाले, "हो सर."

बाहेर येऊन तोंडावर पाणी मारलं. बघ, तू नाहीस तरी चहा पहिला तुझ्याच टेबलावर. पण खोटं काय होतं त्यात? विचारायचं कसं ते तुझंच. मी फक्त तुझ्यावर नजर ठेवून होते, आणि ती नजर वाईट होती, आणि तिच्यामुळेच तुझी फाइल खरी झाली. तुझे आभार मानायचे की तुझी माफी मागायची, ते ठरत नाही म्हणून दोन्ही इथेच लिहून ठेवते.

काल तुझे मालक फाइलची प्रत न्यायला आले होते. काउंटरवर उभे राहून एकेक पान बघत होते. शेवटच्या पानावर, कोडच्या खाली, जिथे आपण नाव लिहून सही करतो, तिथे थांबले.

"वैशाली कोन?" त्यांनी विचारलं.

"मी."

"तुम्ही शहनाजच्या मैत्रीण हायेत का?"

मी काय बोलू? अकरा वर्षं जळत होते म्हणू? मी म्हणाले, "तिच्या समोर बसायचे."

त्यांनी पुन्हा एकदा नाव वाचलं, फाइल पिशवीत घातली, आणि म्हणाले, ही अम्मीला पण दाखवतो, मंग कपाटात जपून ठेवतो. मी दारापर्यंत गेले त्यांच्याबरोबर. तुझ्या घरी माझं नाव पोचलं, शहनाज. अकरा वर्षांत तू ते नेलं नाहीस, शेवटी मलाच पाठवावं लागलं.